रस्ता विचारायचं सोडलंत तेव्हा

अहो, ऐकताय का? नसाल ऐकत तरी मी बोलणार आहे. जन्मभर मी काही बोलायला लागले की तुम्ही "पंपाचा वायसर बघून येतो" म्हणत अंगणात जायचात. आता कुठं जाता बघू.

फोटोला हार घातलाय. फोटो शितूनं काढलेलाच मोठा करून आणलाय, तुम्ही गाडीवर बसलेले आणि हँडलला ते रस्ता सांगणारं यंत्र. हसताय काय त्यात. माणसं भेटायला येतात, चटईवर बसतात, त्या फोटोकडं बघून म्हणतात, देवमाणूस होता. मी मान हलवते. मनात म्हणते, असेल देवमाणूस, पण पोटच्या लेकीला, शितूला, एक शब्द बोलायचा होता तो बोलला नाही. "बाई, चुकलं माझं." एवढाच. दुपारी जेवलात, तांब्याभर पाणी प्यालात, बाजेवर आडवे झालात आणि तो शब्द पोटात घेऊन गेलात. शेजारच्या बायका मला सांगतात, रड जरा, मोकळी हो. रडायचं नंतर बघू. आधी भांडण पुरं करायचंय.

पंप दुरुस्त करत तुम्ही अख्खा जिल्हा पालथा घातलात. वर वाशी, भूम, खाली नळदुर्ग, जळकोट. शेतकऱ्याचा फवारणीचा पंप बिघडला की येडशीला तुम्हाला फोन. कुठल्या गावाला कुठून वाट फुटते हे तुम्हाला झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतंत. आणि तरी पार दिसला की गाडी थांबवायचात. इंजिन बंद करायचं, एक पाय पाराच्या दगडावर ठेवायचा आणि विचारायचं, "रामराम. ह्यो रस्ता कुठं जातो?"

माणसं रस्ता सांगायची. मग ती विचारायची, कुठले पाव्हणे? कुणाचे तुम्ही? येडशीचे म्हटलं की त्यांचं कुणीतरी येडशीत निघायचंच, नाही निघालं तर तुम्ही काढायचात. मग चहा. मी मागच्या सीटवर पदर डोक्यावर ओढून उन्हात. एकदा चिडून म्हटलं, अहो, माहीत आहे ना रस्ता? तर म्हणालात, "रस्ता माहीत हाय गं. ह्यो म्हातारा नवा हाय." तुमच्याबरोबर मी कुठल्याच लग्नाला अक्षतेच्या आधी पोचले नाही. पण कुठल्या गावात पाणी मागायला लाजही वाटली नाही कधी. गाडीचा आवाज आला की चुलीवर चहा ठेवणारी घरं होती आपली, वाटेवर. हे तुमचंच. ते मी नाही म्हणत नाही.

असाच रस्ता विचारत शितूचं स्थळ आणलंत.

ईटला माझ्या बहिणीकडं चाललो होतो. ईटच्या अलीकडं एक गाव आहे, त्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, तुमच्यापुढंही घेणार नाही. तिथं पारावर थांबलात. एका माणसानं घरी नेलं, चहा झाला, पोहे झाले, मग "आमचा पुतण्या हाय" झालं. परत येताना तुम्ही गाडीवर गुणगुणत होता. मी मागून म्हटलं, शितूला एकदा विचारू. तुम्ही म्हणालात, "तिला काय इचारायचं? माणसं सोन्यासारखी हायेत." अहो, मला साडी घ्यायची तर दुकानातल्या माणसाला दहा रंग काढायला लावून मला विचारायचात, ह्यो का त्यो? लेकीच्या जन्माचं ठरवताना तिला एका शब्दानं विचारलं नाहीत. चार कप चहात ठरवून आलात.

त्या सोन्यासारख्या घरात तिच्यावर हात उठायचा. एक दिवस ती एस.टी.तून उतरली, हातात एक पिशवी, आणि म्हणाली, आई, मी आता तिकडं जाणार नाही. मी म्हटलं, नको जाऊस, हातपाय धू. तुम्ही? कुणाचा तरी पंप उघडून बसलात. त्या पंपाला काही झालेलं नव्हतं.

पुढं कागद झाले, फारकत झाली. शितू धाराशिवला सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसायला लागली, सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी यायची. तिचं तिनं सावरलं. सावरलं नाही ते तुम्ही. पारापाशी गाडी थांबायची बंद झाली. पार दिसला की उलट तुम्ही गाडी पळवायचात. चहाला ओरडून बोलावणाऱ्या माणसाला हात दाखवून पुढं. मी मागं बसून बघत होते, आणि मला कळत होतं.

जळकोटच्या भाच्याचा साखरपुडा आठवतोय का? भावानं शेतात नवी वस्ती केली होती, आपण आधी गेलेलो नव्हतो. पाण्याच्या टाकीपासून आत वळायचं, एवढंच सांगितलेलं. टाकीपासून वाटा फुटत होत्या चार. तुम्ही एकीत घुसलात, परत टाकीपाशी. दुसरीत घुसलात, परत टाकीपाशी. तिथल्या पारावर गडीमाणसं बसलेली. मी म्हणतेय, उतरा आणि विचारा की. तुम्ही मान खाली घालून परत तिसरीत. पुन्हा टाकी आली तेव्हा पारावरनं एक जण ओरडला, "पाव्हणं, परदक्षिणा घालायलाव का?" सगळे हसले. एके काळी तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला असता आणि पारावर जाऊन बसला असता. शेवटी मीच उतरले. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, तिला विचारलं. तुम्ही तोवर गाडीवर पलीकडं तोंड करून, चोरासारखे.

येताना नळदुर्गच्या पुढं मी तोंड सोडलं. हेल्मेटमधनं ऐकू येत नाही असं दाखवलंत, तर पाठीत बुक्की घातली. तेव्हा गाडी कडेला घेतलीत आणि बोललात. त्या सगळ्या दिवसांत मनातलं म्हणून तेवढंच बोललात.

"रस्ता इचारला की माणसं घर इचारत्यात. लेक कुठं दिली? किती लेकरं हायेत? काय सांगू? मला कुणाला काय इचारायचं न्हाय अन् काय सांगायचं न्हाय."

मी म्हटलं, "लोकांचं सोडा. लोकांना नका सांगू. तिला सांगा. एकदा म्हणा, तुला न विचारता ठरवलं, चुकलं माझं."

"बघू," म्हणालात.

ते तुमचं बघू. आजारी माणसालाही तुम्ही बघू म्हणायचात आणि बिघडलेल्या पंपालाही. पंप तरी दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हायचा.

तर ते बघू म्हणजे काय, ते पुढं जेवताना कळलं. भाकरी मोडता मोडता शितूला म्हणालात, "ते गाडीला लावायचं यंत्र असतंय म्हणं, रस्ता दाखवणारं. कसलं चांगलं?" मी तव्यावरची भाकरी अशी थापटली की हात पोळला. शितूचा चेहरा मात्र, काय सांगू. घरी आल्यापासून बापानं तिला मीठ वाढ म्हणण्यापलीकडं काही म्हटलेलं नव्हतं. ताट बाजूला सारून फोन घेऊन बसली.

मग रोज संध्याकाळी ओट्यावर तुमची दोघांची सभा. मी चुलीपाशी, कान तिकडं. ती म्हणायची, अप्पा, फोनच लावून टाकू की हँडलला, सगळे लावतात. तुम्ही म्हणायचात, फोन उन्हात तापून बंद पडतो. ते खरंच होतं, चैत्रात तुमचा फोन खिशातसुद्धा तापायचा. ती म्हणायची, शिवाय गाडीच्या हादऱ्यानं फोनचा कॅमेरा बिघडतो, आणि रामलिंगच्या झाडीत रेंज नाही, नकाशा उघडणारच नाही. मग आपला नकाशा पोटात असणारं यंत्रच पाहिजे. मग तुमचे प्रश्न. दुपारच्या उन्हात दिसंल का? पावसात भिजलं तर? हातमोजे घालून दाबलं तर कळंल का त्याला? आपली बॅटरी म्हातारी हाय, ती पिऊन टाकंल का? ती एकेक उघडून वाचायची, ज्यांनी घेतलं त्यांनी काय लिहिलंय तेही वाचून दाखवायची. एका यंत्राचा पडदा मोठा पण उन्हात नुसता आरसा होतो. दुसरं फोनशिवाय मुकं. तिसरं दणकट, पण बोलतं हिंदीतनं.

तुम्ही म्हणालात, बोलणारं नको, बाण दाखवला की बास. ती म्हणाली, "न्हाय अप्पा. बाण बघायला मान खाली घालावी लागते. तुमचं लक्ष रस्त्यावर पाहिजे. बोलणारंच घ्यायचं." आणि तुम्ही, ज्यांनी माझं जन्मात ऐकलं नाही, ते म्हणालात, "बरं. तू म्हणतीस तसं."

मला तेव्हा काही त्याचं कौतुक वाटलं नाही. अजून वाटत नाही.

त्याच ओट्यावर एके संध्याकाळी तुम्ही ते विचारलंत. दोन यंत्रांवर येऊन थांबला होता, एक साधं, एक त्याहून भारी. मग खाली फरशीकडं बघत म्हणालात, "ह्यात एखादं गाव टाळता येतं का? म्हंजे त्या गावातनं रस्ता दाखवायचाच न्हाय, असं?"

शितूचं बोट फोनवर थांबलं. मी भाकरी तव्यावर विसरले, करपल्याचा वास आला तरी उठले नाही. आता बोलतील, आता म्हणतील, असं वाटलं. ओट्यावर तुम्ही दोघंच होता, मी आत, दार अर्धं लोटलेलं, फटीतनं दिसत होतं. ह्याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? शितू हळू म्हणाली, "साध्यात न्हाय येत. ह्या भारीतल्यात येतं." तुम्ही म्हणालात, "मग हेच घे." आणि उठून पंपाकडं गेलात.

अहो, नकाशावरचं गाव टाळायला यंत्र मिळालं तुम्हाला. आणि लेकीच्या तोंडाकडं बघून दोन शब्द बोलायला? तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तुम्ही बघितलं नाहीत. बघितलंत म्हणूनच उठलात, हेही मला माहीत आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

गॅरेजवाल्या इरफानभाईनं ते बसवून दिलं, बॅटरीपासून वायर ओढून, खाली रबराची चकती घालून, म्हणजे हादरे लागू नयेत. तो हसून म्हणाला, "अप्पा, तुमको रस्ता दिखाने की मशीन? जिल्हेको रस्ता तो तुम दिखाते थे." तुम्ही हसलात. फोटोतलं हे हसू तेव्हाचंच. आणि घरी येऊन शितूनं त्यात ते गाव टाळायला घातलं. बापाला दाखवून स्वतःच्या हातानं घातलं. मी उंबऱ्यात उभी होते.

मग यंत्र शिकायचं म्हणून तिला गाडीवर पुढं बसवलंत आणि गिअरची गाडी शिकवलीत. तुम्ही मागं. हे चांगलं केलंत, म्हणायलाच पाहिजे. पण कुठं शिकवलंत? रामलिंगच्या रस्त्यावर, झाडीत, जिथं माकडांशिवाय कुणी बघत नाही. येडशीच्या बाजारातनं नेली असतीत एकदा, लेक पुढं आणि तुम्ही मागं, तर मी रस्त्यावर येऊन भाकरतुकडा ओवाळून टाकला असता तुमच्यावरनं.

त्यानंतर तुमचा आणि माझा प्रवासही संपल्यासारखाच झाला. हेल्मेटच्या आत ते बोलणारं बसवलेलं. मी मागून काही बोलले की म्हणायचात, थांब, ती काय म्हणती ऐकू दे. कानात एक बाई, पाठीशी एक बाई, आणि जिच्याशी बोलायचं ती घरी. ईटला जाताना ती कानातली बाई तुम्हाला त्या गावाच्या लांबनं वळसा घालून न्यायची. वाटेतल्या माणसांनी हळूहळू हात करायचं सोडलं. तुमचं त्याकडंही लक्ष नव्हतं, कारण तुम्ही बाणाकडं बघत होता.

तेरावं झालं, पाव्हणे गेले, आणि शितू म्हणाली, गाडी मी ठेवते, यंत्रही. मी म्हटलं, गाडी ठेव, यंत्र काढून टाक. ती म्हणाली, का? तेव्हा मी सगळं सांगितलं. तुझ्या बापाला लोकांना तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून घेतलंय ते. तुझी लाज वाटत होती म्हणून. मला वाटलं ती रडेल. ती गाडी पुसत होती, पुसतच राहिली.

"आई, मला माहीत हाय ते. मी काय लहान हाय का? पण मला इचारलं ना त्यांनी. ह्ये घेऊ का त्ये, बोलणारं का मुकं. मी म्हटलं तेच घेतलं. चुकलं म्हणायला अप्पांना तेवढंच जमलं."

मी म्हटलं, "मग तेवढं पुरतं तुला?"

ती म्हणाली, "मला पुरतं."

मला नाही पुरत. तिला म्हटलंही तसं. ती म्हणाली, तुझं तू बघ, तू त्यांची बायको आहेस. बघा, बोलायला कशी लागलीय. कुणावर गेली असेल?

पुढं ईटहून बहिणीचा निरोप आला, चार दिवस ये. शितू म्हणाली, मी नेते गाडीवर. मागच्या सीटवर बसले तर पुढं तुमची पाठ नाही, तिची. निम्मीच. ती हेल्मेटमधलं बोलणारं काढून ठेवून आली होती, म्हणाली, तुझी बडबड ऐकू यायला पाहिजे. यंत्र तेवढं चालू होतं. वाशी मागं पडली आणि पुढं फाट्यावर बाण लांबच्या वळशाकडं वळला, तुम्ही घालायला लावल्याप्रमाणं. शितूनं गाडी थांबवली. हातमोजा काढला. यंत्रात काहीतरी दाबत राहिली आणि बाण सरळ झाला.

"शितू, नको," मी म्हटलं. तिचा खांदा मागं ओढला. ती म्हणाली, "घट्ट धर."

गावात शिरलो. पार तोच, माणसंही तीच, जरा वाकलेली. तिनं पाराशी गाडी घेतली, बंद केली, आणि, अहो, एक पाय पाराच्या दगडावर ठेवला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणाली, "रामराम. ईटचा रस्ता ह्योच ना?"

पारावरच्या माना वळल्या. तिच्या सासरच्या भावकीतला एक होता, त्यानं ओळखलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "हितं नांदली न्हाय आणि आता गाडीवर फिरायली. दुसरं बघितलं का न्हाय अजून?"

मी तोंड उघडायच्या आत शितू म्हणाली, "मी रस्ता इचारलाय काका. स्थळ इचारलं न्हाय."

कुणीतरी फस्सकन हसलं. तो उठून गेला. मग कडेला बसलेला एक म्हातारा काठी टेकत गाडीजवळ आला. तिच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही, गाडीकडं बघत होता. टाकीवरनं हात फिरवला. "ही येडशीच्या पंपवाल्या पाव्हण्याची न्हाय का? लई दिस झालं, आलं न्हाईत. आमचं काय चुकलं का?"

ऐकलंत? आमचं काय चुकलं का, म्हणाला. ज्या पारावर लोक तुमच्या लेकीबद्दल विचारतील म्हणून तुम्ही वळसे घालत होता, त्या पारावर एक म्हातारा, आपलं काय चुकलं म्हणून, तुमची वाट बघत बसला होता. मी त्याला सांगितलं, ते गेले. तो खाली बसला. मग चहा मागवला. आम्ही प्यालो. निघताना त्यानं रस्ता सांगितला, तुम्हाला सांगत असेल तसाच, पडक्या विहिरीपासून उजवीकडं, मग चिंचेची दोन झाडं, मग सरळ. यंत्रात सगळं दिसत होतं. शितूनं तरी पूर्ण ऐकून घेतलं. वर शितूला म्हणाला, "बरी दिसायलीस पोरी." बस्स, एवढंच.

एवढ्यासाठी, अहो? एवढ्यासाठी तुम्ही इतके दिवस माणसं तोडून बसलात? मला त्या पारावर इतका राग आला तुमचा की रिकामी बशी दगडावर आपटून ठेवली. तुम्ही तिथं पाहिजे होतात. तुमचा पाय त्या दगडावर पाहिजे होता, आणि लेकीचा नाही, तुमचा आवाज पाहिजे होता त्या माणसाच्या तोंडावर. ते काम तिला करायला लागलं.

शितूला तुमचा शब्द ऐकू आला म्हणते. तिच्याजवळ असू दे, मी काढून घेणार नाही. मला नाही आला. मी जन्मभर तुमच्या पाठीला चिकटून बसलेली, माझ्याहून जवळ कोण होतं? आणि मला नाही आला.

यंत्र गाडीवरच आहे. त्यात आता टाळलेलं काही नाही, तिनं दाखवलं मला. हार सुकला की बदलीन. राग काही बदलणार नाही, तो तुमच्याच वाटणीचा आहे, राहू द्या.

एक सांगते आणि थांबते. आता जिथं चाललाय तिथला रस्ता त्या यंत्रात नाही. विचारावाच लागेल. कुठल्या तरी पारावर कुणीतरी बसलेलं असेल, ते विचारील, कुठले, कुणाचे? तेव्हा मान खाली घालायची नाही, तोंड पलीकडं करायचं नाही. शितलचा बाप, म्हणून सांगायचं. मोठ्यानं. निदान तिथं तरी.